विचारणारं कुणी नसताना

इंग्लंडमध्ये मायक्रोलाइट विमान उडवायला डॉक्टरचा दाखला लागत नाही. मोटारीच्या साध्या लायसन्सला जेवढी तब्येत धड असावी लागते तेवढी माझी आहे, असं उमेदवारानं स्वतःच ऑनलाइन जाहीर करायचं. २०१६पासून हा नियम आहे. विमान एकाच माणसाचं आणि ३०० किलोच्या आतलं असेल, तर ते उडण्याजोगं आहे की नाही हे बघायलाही कुणी सरकारी माणूस येत नाही. २०१४पासून तीही जबाबदारी उडवणाऱ्याची. जीव तुमचा आहे, सांभाळा. फक्त खालच्या माणसांच्या डोक्यावर पडू नका, एवढंच सरकारचं म्हणणं.

पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मला बरं वाटलं होतं. अटेस्टेड झेरॉक्स, तीन फोटो आणि राजपत्रित अधिकाऱ्याची सही यांत अर्धं तारुण्य घालवलेल्या सांगलीच्या माणसाला इतका विश्वास म्हणजे सन्मानच वाटणार. अस्वस्थपणा नंतर आला, असं विमान उडवायला शिकू लागल्यावर, थिअरीची पुस्तकं वाचताना. माझ्याबद्दल जे काही विचारायचं ते कुणीतरी दुसऱ्यानं विचारायचं आणि त्याला पटेल असं उत्तर मी द्यायचं, एवढंच मला येतं. विचारणारंच कुणी नसेल तर मी कसा वागतो, याची माहिती माझ्याकडे फारशी नाही. जी आहे ती उत्साहवर्धक नाही.

लायसन्ससाठी किमान २५ तास उडायचं, त्यातले १० एकट्यानं. शिवाय पाच पेपर: हवाई कायदा, हवामान, दिशादर्शन, विमान आणि इंजिनाचं तंत्र, आणि ‘मानवी घटक’ नावाचा एक. सगळे पर्यायी उत्तरांचे. पर्याय दिसले आणि माझ्यातला दहावीचा मुलगा खडबडून जागा झाला. ‘अपेक्षित’ प्रश्नसंचांवर वाढलेली आमची पिढी. सराव प्रश्नांचं पुस्तक आणलं, आणि थोड्याच दिवसांत प्रश्न अर्धा वाचून उत्तरावर टिचकी मारता यायला लागली. लांबलचक, जपून लिहिलेला पर्याय बहुधा बरोबर असतो. ‘कधीही’ आणि ‘नेहमीच’ असलेले पर्याय बहुधा चुकीचे असतात. आकड्यांत मधला घ्यावा. या पद्धतीनं पाचही पेपर निघतील याची मला आजही खात्री आहे. म्हणजे स्टॉल म्हणजे काय हे अंगात न मुरवता मी कागदोपत्री विमानचालक होऊ शकतो.

इंजिनिअर असल्यामुळे पंखाचं शास्त्र आपल्याला येतं, असा माझा समज होता. पंखाचा वरचा भाग फुगीर, म्हणून वरच्या हवेला लांबचा रस्ता. मागच्या टोकाला दोन्ही हवा एकाच वेळी पोचायला हव्यात, म्हणून वरची वेगानं जाते, म्हणून तिथे दाब कमी. हे मी कॉलेजात लिहिलं होतं आणि माझ्या मुलीलाही शिकवलं होतं. एकाच वेळी पोचण्याचं बंधन हवेवर कुणी घातलेलं नाही. प्रत्यक्षात वरची हवा आधी पोचते. वोल्फगांग लांगेविशनं १९४४ साली ‘स्टिक अँड रडर’ या पुस्तकात चालकांना साधी गोष्ट सांगितली: पंख हवेला खाली ढकलतो, म्हणून स्वतः वर राहतो, पंख हवेला कुठल्या कोनात भिडतो तेवढं सांभाळा. तो कोन साधारण १५ अंशांच्या पुढे गेला की वरून वाहणारी हवा पंख सोडते आणि पंख काम करायचं थांबवतो. हा स्टॉल. नाक वर असो वा खाली, वेग काहीही असो, कोन ओलांडला की स्टॉल. मला खटकलं ते हे की खोटं स्पष्टीकरण इतकी वर्षं माझ्याजवळ सुखानं राहिलं. त्यातून शेवटी योग्य उत्तर निघत होतं, म्हणून मी त्याला कधी हात लावला नाही.

इथे मी माझ्या एका जुन्या सवयीपाशी येतो. उत्तर आधी ठरवायचं, गणित मागून मांडायचं. ऑफिसात तिला अनुभव म्हणतात. प्रकल्प मार्चमध्ये संपायला हवा असेल तर मार्चमध्ये संपणारं वेळापत्रक मला करता येतं, आणि त्यातली प्रत्येक ओळ वेगळी काढून पाहिली तर खोटीही नसते. थोडं इथे ओढायचं, थोडं तिथे सैल सोडायचं. या कौशल्यावर माझं घर चाललं आहे.

आता विमान गवतावरून उचलायला किती जागा लागेल, याचा हिशोब बघा. ब्रिटिश नागरी हवाई प्राधिकरणाच्या सुरक्षा पत्रकात त्याचे गुणक दिलेले असतात. वजन १० टक्के वाढलं तर अंतर २० टक्के वाढतं. तापमान १० अंश वाढलं तर १० टक्के. गवत ओलं असेल तर ३० टक्के. हे सगळे एकमेकांत गुणायचे असतात, बेरीज करायची नसते. पुस्तकी १५० मीटरचे या तीन गोष्टींनी २५७ होतात. वर सुरक्षेसाठी १.३३नं गुणा, ३४२ होतात. मी शिकतो ते मैदान लांब आहे, तिथे फरक पडत नाही. पण सरावासाठी मी एका छोट्या शेतधावपट्टीचं गणित घेतलं होतं. उत्तर धावपट्टीपेक्षा थोडं जास्त आलं, तर माझा हात कुठे गेला? गवताकडे. ‘ओलं’ म्हणजे किती ओलं? दुपारपर्यंत वाळेलच की. सकाळचं दव होतं असं धरून मी ३० टक्क्यांचे २० केले आणि उत्तर बसवलं. कागदावरचं गणित, कुठे जायचं नव्हतं, कुणाला दाखवायचं नव्हतं. तरी बसवलं. पेन्सिल खाली ठेवल्यावर मग भीती वाटली. खरं सांगायचं तर उडताना अजून एकदाही इतकी वाटलेली नाही.

वजनाची गोष्ट तर हसण्याजोगी आहे. दोन आसनांच्या मायक्रोलाइटला ब्रिटनमध्ये अनेक वर्षं ४५० किलोची मर्यादा होती, २०२१मध्ये ती ६०० झाली. पण जुन्या विमानांचं त्यामुळे आपोआप काही बदलत नाही. त्या ४५०त विमान, इंजिन, पेट्रोल आणि दोन माणसं. दोन धिप्पाड पुरुष आणि भरलेली टाकी हे अनेक विमानांत बसतच नाही. म्हणून क्लबात वजन विचारतात, आणि पन्नाशीतली माणसं आपलं लग्नाच्या वेळचं वजन सांगतात. आमच्या इन्स्ट्रक्टरनं त्यावर उपाय म्हणून एक बाथरूममधला वजनकाटा दाराशी ठेवला आहे. बूट, जाड सूट, हेल्मेट, सगळं घालून उभं राहायचं. मी सांगितलेला आकडा आणि काट्यावरचा आकडा यांत चांगलंच अंतर निघालं. तो काही बोलला नाही, त्यानं पेट्रोल कमी केलं.

यापुढचं लिहावं की नाही, याचा बराच विचार केला. मुंबईच्या चौपाटीवर १८९५ साली शिवकर बापूजी तळपदे यांनी विमान उडवलं, राइट बंधूंच्या आठ वर्षं आधी, ही गोष्ट ऐकत मी मोठा झालो. २०१५च्या मुंबईतल्या विज्ञान काँग्रेसमध्ये प्राचीन विमानविद्येवर निबंध वाचला गेला, तेव्हा माझे इंग्लंडमधले मित्र चिडले. मी मात्र वरवर त्यांच्या बाजूनं बोलताना आतून थोडा सुखावलो होतो. ‘वैमानिक शास्त्र’ या पोथीचा बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी १९७४ सालीच कसून अभ्यास केला होता. पोथी विसाव्या शतकातली आहे आणि तिच्यातली विमानं उडू शकणार नाहीत, असं त्यांनी स्वच्छ लिहिलं. ते मला तेव्हाही माहीत होतं. माहीत असून मन त्या चौपाटीकडे ओढ घेतं, कारण उत्तर आधी ठरलेलं आहे: पहिला माणूस आपला असावा.

राइट बंधूंचं मला जे मोठं वाटतं ते १९०३चं उड्डाण नाही. १९०१च्या उन्हाळ्यातलं त्यांचं ग्लायडर गणितापेक्षा फार कमी वजन उचलत होतं. हवेच्या दाबाचा ०.००५ हा स्मीटन नावाच्या इंजिनिअरचा आकडा तेव्हा शंभराहून जास्त वर्षं सगळे वापरत होते. त्यांनी स्वतःच्या मापनांवरून तो साधारण ०.००३३ ठरवला, आणि त्याच हिवाळ्याच्या तोंडावर डेटनमध्ये लाकडी वातबोगदा बांधून दोनशेच्या आसपास पंखांचे नमुने तपासले. त्यांना उडायचंच होतं, माझ्यापेक्षा कितीतरी जास्त. तरी आकडा त्यांनी आपल्या बाजूला ओढला नाही.

अर्थात मोजमाप प्रामाणिक असलं म्हणजे माणूस वाचतो, असंही नाही. ओटो लिलिएन्थालइतकं पंखांचं बारकाईनं मापन त्याच्या काळात कुणी केलं नव्हतं. दोन हजारांवर उड्या त्यानं घेतल्या, ग्लायडरला लटकून, शरीर पुढेमागे झुलवून. मी शिकतो त्या फ्लेक्सविंगचा तो थेट पूर्वज. याला शेपूट नाही, सुकाणू नाही; वर कापडी पंख, खाली लटकलेली गाडी, आणि समोरचा बार ओढून आपलं वजन पंखाखाली हलवायचं. बार आपल्याकडे ओढला की वेग वाढतो, पुढे ढकलला की कमी होतो. सिनेमात पाहिलेल्या विमानांच्या अगदी उलट. ९ ऑगस्ट १८९६ला लिलिएन्थालचं ग्लायडर हवेत थबकलं, त्यानं अंग पुढे झोकलं, ते पुरलं नाही. दुसऱ्या दिवशी तो गेला. त्या प्रकरणाला मी पुस्तकात खूण घालून ठेवली आहे. का, ते मला नीट सांगता येणार नाही.

दिशादर्शनाचा पेपर मला मनापासून आवडला. त्यात फसवायला कमी जागा आहे म्हणून असेल. आमच्या क्लबाभोवतीचा भाग सपाट: ईलीचं कॅथीड्रल दुरूनच दिसतं, दोन बेडफर्ड नद्या पट्टीनं आखल्यासारख्या सरळ जातात, आणि पूर्वेला लेकनहीथ-मिल्डनहॉलचे अमेरिकन तळ नकाशावर मोठा गोल करून बसलेले. ६० मैलांत एक अंश चुकला तर एक मैल बाजूला. आमचं विमान ६० नॉटचं आणि वारा बाजूनं २० नॉटचा, म्हणजे नाक जवळजवळ २० अंश वळवून तिरकं उडावं लागतं, तेव्हा कुठे जमिनीवरची रेघ सरळ जाते. मोठ्या विमानांना जो वारा किरकोळ, तो आमचा मालक असतो. उतरताना झाडांच्या रांगेमागे हवा नदीतल्या दगडामागच्या पाण्यासारखी घुमते, आणि जमिनीजवळ वारा मंदावतो तसा विमानाचा हवेतला वेगही अचानक गळतो. शेवटच्या वळणावर धावपट्टी चुकतेय असं वाटून माणूस वळण आवळतो. ६० अंश कललं की पंखावर दुप्पट भार येतो, ३० नॉटला होणारा स्टॉल ४२ला होतो. खाली जागा नसते.

थिअरीच्या पुस्तकांतली दुसरी एक गोष्ट मला रात्री आठवते. आकाशात दुसरं विमान आपल्यावर आदळायला येत असेल, तर ते सरकताना दिसत नाही. काचेवर एकाच जागी ठिपक्यासारखं राहतं आणि शेवटच्या काही क्षणांत एकदम मोठं होतं. डोळा हलत्या वस्तूला पकडतो, म्हणून नेमकं तेच सुटतं. म्हणून मान फिरवत राहायचं, नजर एकाच ठिकाणी खिळवून ठेवायची नाही. मला वाटायचं, माझी नजर चांगली आहे.

मानवी घटकांच्या पेपराला क्लबात सगळे हसतात. सोपा, सामान्यज्ञानाचा, एका रात्रीत वाचून होतो. मीही हसलो. त्यात चालकाला घातक ठरणाऱ्या पाच वृत्ती दिल्या आहेत: मला कुणी सांगू नये, लगेच काहीतरी करायलाच हवं, माझ्या बाबतीत असं होणार नाही, मी करून दाखवतो, आता माझ्या हातात काय आहे. यातली तुमची कुठली, असा प्रश्न पेपरात येत नाही. प्रश्न येतो की अमुक चालकाची वृत्ती कुठली. तो अमुक चालक नेहमी दुसरा असतो. चौथी माझी नाही, मी धाडसी माणूस नाही. तिसरीवर मी बराच वेळ थांबलो. माझ्या घरात वडिलांना आणि काकांना दोघांनाही साठीच्या आत हृदयविकार झाला, आणि मी त्या वयाकडे चाललो असताना ‘मला ते नाही’ असं धरूनच जगतो आहे.

हवामानाचा अभ्यास करताना मात्र गंमत झाली. वळीव मला पुस्तकाआधी माहीत होता. सांगलीत एप्रिल-मेमध्ये दुपारी चारच्या सुमारास जतच्या बाजूनं काळंनिळं चढत येतं, वारा एकदम थंड होतो, धूळ उठते. अस्थिर हवा, वर खेचले जाणारे प्रवाह, मग खाली कोसळणारी थंड हवा, हे सगळं पुस्तकात वाचताना अंगणातली वाळवणं उचलायची धावपळ आठवली. त्या ढगापासून मायक्रोलाइटनं कितीतरी मैल दूर राहायचं, हे मला पटवून द्यावं लागत नाही. इंग्लंडमधलं हवामान मारतं ते वेगळ्या रीतीनं. मळभ. शांत, राखाडी, कुणाला घाबरवत नाही. तापमान आणि दवबिंदू यांतला फरक ४००नं गुणला की ढगाचा तळ साधारण किती फुटांवर आहे ते कळतं. १४ आणि ११, म्हणजे १२०० फूट. १२०० फुटांत उडता येतं. मग वाटेत दवबिंदू १२ होतो, ८०० फूट होतात. मग समोरची टेकडी.

१९५४ साली इलिनॉय विद्यापीठात २० चालकांवर एक प्रयोग झाला. उपकरणं बघून उडण्याचा सराव नसलेली माणसं. सुरक्षा-चालक शेजारी ठेवून, ढगात शिरल्यासारखी स्थिती निर्माण केली. वीसच्या वीस जणांचा ताबा सुटला. १९ जण उतरत्या गोल गोल फेऱ्यांत अडकले, एकाचं विमान स्टॉल झालं. सरासरी वेळ १७८ सेकंद. कारण कानातला तोल सांभाळणारा द्रव खोटं सांगतो: हळूहळू कलत गेलेलं विमान त्याला सरळ वाटतं, आणि सरळ केलेलं विमान उलट बाजूला कललेलं वाटतं. तुम्ही दुरुस्ती म्हणून जे करता त्यानंच फेरा आवळत जातो. आमच्या लायसन्सवर ढगात जायला मनाईच आहे. पण ढगात कुणी ठरवून जात नाही. एवढं आलोच आहोत, आणखी दहा मिनिटं बघू, असं म्हणत जातात.

आणि तो माणूस मला ओळखीचा आहे. वरंध घाटात धुक्यात पुढची गाडी दिसत नसताना, मागे फिरायला जागा असूनही, जेवायला मामांकडे पोचायचंय म्हणून गाडी पुढे नेणारा. तेव्हा काही झालं नाही. काही न होणं हीच अशा माणसाची सगळ्यात मोठी अडचण. त्याच्याकडे पुरावा साठत जातो.

आईला फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “अरे, इंजिन बंद पडलं तर रे?”

“तर काही नाही, आई. तरंगत खाली येतं. आधीपासून एखादं शेत हेरून ठेवायचं असतं, तिथे उतरवायचं.”

“बरं,” ती म्हणाली. “वडिलांसारखा हट्ट करू नकोस म्हणजे झालं.”

माझं उत्तर परीक्षेत पूर्ण गुणांचं आहे. इंजिन बंद पडणं ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट, हेही खरं. पण तिचा खरा प्रश्न दुसऱ्या वाक्यात होता आणि त्याला मी “हो, हो” म्हटलं.

हे सगळं मला का करायचं आहे, असं बायकोनं एकदा सरळ विचारलं. तिला मी मोकळेपणा, आकाश, लहानपणचं स्वप्न असं बरंच सांगितलं. ती ऐकत होती. खरं उत्तर थोडं ओशाळवाणं आहे. ‘मी विमान उडवतो’ हे वाक्य म्हणता यावं, कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फोटो टाकता यावा, हे त्यात नक्की आहे, आणि थोडंथोडकं नाही. दुसरंही काही आहे. आयुष्यभर दुसऱ्यांना पटतील अशी उत्तरं देऊन झाल्यावर, जिथे पटवायला कुणी नाही अशा ठिकाणी आपण कसे दिसतो ते बघायचं आहे. हे दुसरं कारण मला नंतर सुचलं की आधीपासून होतं, ते सांगता येत नाही. नंतर सुचलं असेल तर तेही मागून मांडलेलं गणितच.

तब्येतीचं घोषणापत्र अजून भरलेलं नाही. रक्तदाबाची गोळी मी घेतो. नियमानुसार त्यानं अडत नाही, तो आटोक्यात असला म्हणजे झालं. पण अलीकडे खुर्चीतून झटकन उठलं की क्षणभर डोळ्यांपुढे अंधारी येते. हे फॉर्म थेट विचारत नाही. ‘माझ्या माहितीप्रमाणे’ असा शब्दप्रयोग त्यात कुठे बसवता येईल, हे मी एका संध्याकाळी शोधत बसलो होतो. तेव्हाच फॉर्म मिटला आणि डॉक्टरांची वेळ घेतली. चोवीस तास दंडाला लावायचं यंत्र ते पुढच्या महिन्यात देणार आहेत. ते दर अर्ध्या-पाऊण तासानं आपोआप मोजतं, बसवून घेता येत नाही. आकडा चांगला यावा असं मला वाटतं. जास्त आला तर सुटलो, असंही कुठेतरी वाटतं, आणि तो आवाज अलीकडे थोडा मोठा झाला आहे. हवामानाचा पेपर मी त्यानंतरच्या आठवड्यात ठेवला आहे.